बाईंना विचारा : लेकीला अ-१ ग्रेड आहे पण लग्नपत्रिका वाचता येईना

पत्र पहिलं

बाई, नमस्कार. आमच्या गावात जिल्हा परिषदेची पहिली ते चौथी शाळा आहे, पट २७. सर दोन आहेत पण एक सर महिन्यातले कितीतरी दिवस मतदार यादी नाहीतर मीटिंग नाहीतर ऑनलाइन माहिती भरायला तालुक्यालाच, मग दुसरे सर चारही वर्ग एकाच खोलीत घेऊन बसतात. माझी मुलगी तिसरीत आहे. प्रगतिपुस्तकात सगळीकडं अ-१ नाहीतर अ-२. परवा माहेरी लग्नपत्रिका आलेली, मामा म्हणाला वाच गं, तर तिला नवरीचं नाव सुद्धा वाचता येईना, सगळ्यांसमोर रडायला लागली आणि मला इतकं वाईट वाटलं की बस. शाळेत टीव्ही आहे पण लाईट तोडलीय, गोष्टीची पुस्तकं कपाटात कुलूप लावून. यंदा गावातली आठ-नऊ लेकरं तालुक्याच्या इंग्लिश शाळेत व्हॅननं जायलेत, फी वेगळी आणि व्हॅनचे महिन्याला हजार वेगळे. आमचे मालक म्हणायलेत कापसाचं काही खरं नाही तरी आपणही टाकू. सासरे म्हणायलेत पोरीच्या जातीला एवढा खर्च कशाला. शाळा बंद पडणार असंही गावात बोलायलेत. मी बारावी शिकलेय. काय करू?
— एक आई, जिंतूर तालुका, जि. परभणी

उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा लग्नपत्रिकेपाशी थांबले. आधी एक सांगते, लग्नपत्रिका हा लेकराची परीक्षा घ्यायचा कागद नाहीच. त्यात चि.सौ.कां. असतं, कृपेकरून असतं, सगळी जोडाक्षरं, आणि अक्षरं अशी वळणावळणाची छापलेली की मला सुद्धा चष्मा लावून बघावं लागतं. त्यावरनं लेकीला काहीच येत नाही असं धरू नका, आणि प्रगतिपुस्तकात अ-१ आहे म्हणजे सगळं येतं असंही धरू नका. दोन्ही बाजूला ठेवा आणि एका संध्याकाळी, पाहुणे नसताना, मोबाइल बाजूला ठेवून, दहा मिनिटं तिच्याजवळ बसा.

काय करायचं ते सांगते. एका कागदावर मोठ्या अक्षरात दहा सुटी अक्षरं लिहा, क पासून सुरू करू नका, मधलीअधली घ्या, ओळीनं तर पाठच असतात. दुसऱ्या कागदावर दहा साधे शब्द, गाय, पाणी, चूल, मोर, असे. मग पहिलीच्या पुस्तकातल्यासारखी चार सोपी वाक्यं. मग दुसरीच्या पुस्तकातली आठ-दहा ओळींची गोष्ट, पण तिनं आधी न वाचलेली. पहिल्यांदा वाक्यांचा कागद द्या, जमलं तर गोष्टीकडं जा, नाही जमलं तर शब्दांकडं या, तेही अडलं तर अक्षरं. 'प्रथम' नावाच्या संस्थेचा 'असर' नावाचा पाहणी अहवाल २००५ पासून निघतो, त्यातली माणसं गावोगाव घरी जाऊन लेकरांना जवळजवळ असंच वाचायला लावतात. त्यांच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या खेड्यापाड्यात तिसरीतल्या साधारण चारातल्या एकाच लेकराला दुसरीच्या पातळीचा धडा वाचता आला, आणि पाचवीतल्या निम्म्या लेकरांना, यात सरकारी आणि खाजगी दोन्ही शाळा आल्या. म्हणजे तुमची लेक एकटी नाही. हे तुम्हाला धीर यावा म्हणून सांगतेय, गप्प बसावं म्हणून नाही.

हे मी एवढं खात्रीनं सांगते कारण मी स्वतः फसलेय. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्या वर्गात तिसरीला एक मुलगी होती, वही स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं, हजेरी पूर्ण, कविता म्हणायला कायम पुढं. मी तिला डोळे झाकून वरची ग्रेड द्यायचे. एक दिवस ती धडा वाचत होती आणि मी तिच्या बाजूला जमिनीवर बसलेले, सहज बघितलं तर बोट होतं तिसऱ्या ओळीवर आणि तोंड होतं पाचव्या ओळीवर. पोरीला धडा पाठ होता. मी पुस्तकाचं न शिकवलेलं पान उघडलं तर तिला 'विहीर' वाचता येईना, ती व-ह-र म्हणायची, वेलांट्या तिला दिसतच नव्हत्या. तीन वर्षं शाळेत येऊन तिनं हे लपवलं होतं, आणि आम्ही कुणी जवळ बसलोच नव्हतो म्हणून तिला लपवता आलं. त्या दिवसापासून मी पहिले पंधरा दिवस एकेक लेकरू जवळ घेऊन वाचून घेतल्याशिवाय फळ्यावर शिकवायला सुरुवात केली नाही.

तेव्हा तुमची लेक कुठल्या कागदावर अडते ते बघा. अक्षरावर अडली तर वेगळं काम, काना-मात्रा-वेलांटीवर अडली तर वेगळं, फक्त जोडाक्षरावर अडली तर काळजीचं कारण फार थोडं आहे, महिना-दीड महिन्यात रोज पंधरा मिनिटं बसलात तर सुटतं. तुम्ही बारावी शिकलाय, हे तुम्हाला सहज जमेल. रोज ती तुम्हाला पाच ओळी वाचून दाखवील आणि तुम्ही तिला दहा ओळी वाचून दाखवायच्या, एवढंच. अडलं की लगेच शब्द सांगू नका, तीनपर्यंत मनात मोजा. आणि मामाच्या घरचा विषय तिच्यासमोर काढू नका.

गणिताचंही बघून घ्या. तिला ४२ वजा १७ द्या. उत्तर ३५ आलं तर घाबरू नका, हे उत्तर मी शेकड्यांनी बघितलंय. लेकरू एककाच्या घरात २ आणि ७ बघतं, मोठ्यातनं लहान काढायचं असं डोक्यात बसलेलं असतं म्हणून ७ मधनं २ काढतं, ५ लिहितं, मग ४ मधनं १ काढून ३ लिहितं. त्याला वजाबाकी येत नाही असं नसतं, दहाचा गठ्ठा सोडायचा असतो हे त्याच्या हाताला माहीत नसतं. आम्ही तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काटक्यांच्या, बोटाएवढ्या काड्या तोडायचो, सायकलच्या जुन्या ट्यूबची रबरं कापून दहा-दहाचे गठ्ठे बांधायचो, चार गठ्ठे आणि दोन सुट्या लेकराच्या पुढ्यात ठेवायच्या आणि म्हणायचं यातल्या सतरा मला दे. सुट्या दोनच आहेत. लेकरू इकडं बघतं, तिकडं बघतं, आणि मग स्वतःच रबर काढतं. ते रबर काढतानाचं तोंड एकदा बघा तुम्ही. त्याला एक रुपया लागत नाही, आणि आपल्याकडं तुराट्यांना काय तोटा. मराठीत तर 'बेचाळीस' म्हणताना आधी दोन ऐकू येतात आणि मग चाळीस, लिहिताना मात्र आधी चार, याचा लेकरांना खरंच घोळ होतो, म्हणून २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसला 'वीस सात' असं वाचन आलं तेव्हा त्यावर लई वाद झाला पण मला ते त्या वयाला योग्य वाटलं होतं, आजही वाटतं.

आता शाळेचं. दोन शिक्षक ही तुमच्यावरची मेहरबानी नाही, तो कायदा आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक सांगितलेत, वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं सांगितलंय, आणि जनगणना, आपत्ती, निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं बाहेरचं काम लावू नये असंही सांगितलंय. मतदार यादीचं काम निवडणुकीत धरतात ही खरी अडचण आहे, पण यादीची कामं सुट्टीच्या दिवशी आणि शाळेच्या वेळेबाहेर करून घ्यावीत असं सुप्रीम कोर्टानं २००७ ला सांगून ठेवलंय. हे सरांवर ओरडायला वापरू नका, ते बिचारे हुकमाचे ताबेदार. शाळा व्यवस्थापन समितीनं, म्हणजे शाळेतल्या पालकांच्या समितीनं, ठराव करायचा, की अमुक महिन्यात एक शिक्षक इतके दिवस शाळेत नव्हता, आणि तो ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायचा, पोच घ्यायची. तारखा लिहायच्या. नुसतं 'सर येत नाहीत' म्हटलं की कागद कुठल्या कुठं जातो, तारखा लिहिल्या की त्याला उत्तर द्यावं लागतं.

लाईटचं मला जास्त बोलायचंय, कारण त्यात एक गोष्ट गावाला माहीत नसते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला वर्षाला जे संयुक्त अनुदान मिळतं ते पटावर असतं. ३० पर्यंत पट असेल तर दहा हजार, ३० च्या वर गेला की १०० पर्यंत पंचवीस हजार. त्याच पैशात खडू, फळा, लाईट बिल, किरकोळ दुरुस्ती, आणि निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. आता तुमचा पट २७. ती आठ-नऊ लेकरं गावात असती तर पट ३५-३६ असता. म्हणजे लेकरं व्हॅनमध्ये बसली त्यासोबत शाळेचे वर्षाचे पंधरा हजारही गेले, आणि टीव्ही बंद का तर बिल भरायला पैसे नाहीत, आणि लेकरं का गेली तर टीव्ही बंद. आलेला पैसा सुद्धा बऱ्याचदा उशिरा आणि हप्त्यानं येतो. मी त्या आई-बापांना दोष देत नाही, आपल्या लेकराचं भलं कुणाला नको असतं, पण हे गणित ग्रामसभेत कुणीतरी मोठ्यानं मांडायला पाहिजे. वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीकडं येतो, पंधराव्या आयोगात तर त्यातला साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, त्यातनं शाळेचं संडास, पाण्याची टाकी, नळ ही कामं बसतात. ती कामं गावच्या विकास आराखड्यात लिहिलेली असावी लागतात, आणि आराखडा ग्रामसभेत ठरतो. १५ ऑगस्टची नाहीतर २ ऑक्टोबरची ग्रामसभा सोडू नका, चार-पाच जणी मिळून जा.

कुलूप लावलेल्या कपाटाला मात्र एक पैसा लागत नाही. चावी मागा. बहुतेक वेळा सरांना भीती असते की पुस्तकं फाटली, हरवली तर हिशोब कोण देणार, मी सुद्धा त्या भीतीनं पुस्तकं जपून ठेवलेली आहेत आणि ती वाळवीनं खाल्लेली बघितलीत. समितीनं ठरावात लिहून द्या की वापरून फाटलेल्या पुस्तकाची जबाबदारी समितीची. दोरी बांधा वर्गात, पुस्तकं दोरीवर घाला, लेकरं उभ्या-उभ्या वाचतात.

आणि चारही वर्ग एका खोलीत, याचं तुम्हाला वाईट वाटतंय, पण मी अशा शाळेत बारा वर्षं काढलीत म्हणून सांगते, २७ लेकरांच्या शाळेत जे होऊ शकतं ते साठ लेकरांच्या वर्गात होत नाही. तिथं सरांनी इयत्तेप्रमाणं न बसवता दिवसातला एक तास वाचता येण्याप्रमाणं गट केले, अक्षरवाले एकीकडं, शब्दवाले एकीकडं, गोष्टवाले एकीकडं, तर तिसरीचं लेकरू पहिलीच्या लेकरांत बसलं तरी त्यात कमीपणा वाटत नाही कारण सगळे एकाच पट्टीवर असतात. गोष्टवाली दोन लेकरं शब्दवाल्यांना घेऊन बसतात आणि सर अक्षरवाल्यांजवळ. २०२१ पासून निपुण भारत म्हणून सरकारचा जो कार्यक्रम चालू आहे त्याचा गाभा हाच आहे, तिसरीपर्यंत समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं. तेव्हा सरांकडं जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, तुमचे ते चार कागद घेऊन जा आणि म्हणा, सर, माझी लेक इथं अडलीय, तुम्ही एक तास असे गट कराल का, मी आठवड्यातनं दोन दिवस येऊन बसते. बारावी शिकलेली आई शाळेत येऊन बसते म्हटल्यावर नाही म्हणणारे सर मी तरी फार बघितले नाहीत.

इंग्लिश शाळेत टाकू का? माझं मत विचाराल तर यंदा नको. इंग्लिश वाईट आहे म्हणून नाही. ज्या लेकराला मराठी शब्द जोडून वाचता येत नाही ते इंग्लिशमध्ये स्पेलिंग पाठ करतं, आणि पाठ केलेलं आई-बापाला वाचल्यासारखं दिसतं, परत तीच बोटाची आणि ओळीची गोष्ट. आधी मराठी वाचन पक्कं होऊ द्या. तरीही टाकायचं ठरलं तर त्या शाळेत जाऊन तिथल्या तिसरीतल्या लेकराला न शिकवलेलं पान वाचायला द्या, ग्राउंड आणि टाय बघून येऊ नका. सासऱ्यांना मात्र एक सांगा, मुलगा असता तर व्हॅनचे हजार रुपये जड वाटले असते का? मी हे रागानं नाही विचारत, पण विचारतेच.

शाळा बंद पडण्याचं म्हणाल तर २०२३ ला राज्यानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते तेव्हापासून ही धास्ती आहे. तुमचा पट अजून २७ आहे, आणि पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी हा नियम तुमच्या बाजूनं आहे. पट आणखी सातानं कमी झाला की मात्र वीसवर येईल, हे मालकांना दाखवा.

पत्र दुसरं

बाई, आम्ही दोघं नवरा-बायको दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो, पाडवा झाल्यावर येतो. मुलगा दुसरीत आहे, सासूबाई थकल्यात. मागच्या वर्षी सोबत नेलं तर तिथं शाळेतच गेला नाही, पाचटात खेळत बसायचा. आल्यावर सर म्हणाले सगळं विसरलाय. यंदा काय करावं?
— वडवणी तालुका, जि. बीड

उत्तर

बाई गं, तुमच्या पत्रात दिवाळीनंतर लिहिलंय, म्हणजे अजून वेळ आहे, म्हणून आधी एवढंच करा, उद्या शाळेत जाऊन हंगामी वसतिगृहाचं विचारा. नावात वसतिगृह आहे म्हणून लोकांना वाटतं लेकरू परक्या ठिकाणी झोपणार. आपल्याकडं बऱ्याच गावात तसं नसतं, लेकरू आजीजवळच राहतं आणि त्याचं सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळा व्यवस्थापन समिती बघते, दुपारचा पोषण आहार तर आहेच. सासूबाई थकल्यात, त्यांना स्वयंपाकाचं ओझं होतं, ते निम्म्यानं कमी होईल. पण याचा प्रस्ताव माणसं गाव सोडायच्या आधी जावा लागतो, किती लेकरांचे आई-बाप जाणार त्याची यादी लागते, आणि टोळ्या गेल्यावर यादी करायला बसलं तर अर्धा सीझन तसाच निघून जातो. तुमच्या टोळीतल्या सगळ्या बायांची नावं एकदम द्या.

सोबत न्यावंच लागलं तर जाताना शाळेतनं शिक्षण हमी कार्ड घ्या, ते जपून ठेवा, कारखान्याच्या जवळच्या शाळेत ते दाखवायचं. कार्ड हरवलं किंवा दाखला नसला तरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे कायद्यात आहे, तिथं कुणी परत पाठवलं तर मुकादमाला नाही, तिथल्या केंद्रप्रमुखांना भेटा.

आणि 'सगळं विसरलाय' हे मनाला लावून घेऊ नका. पाच महिने कुणी वाचून घेतलं नाही तर मोठा माणूस सुद्धा अडखळतो. परत आल्यावर सरांना म्हणा महिनाभर मागचं घ्या, पुढचं राहू द्या. कोयता आणि संसार ट्रॅक्टरवर टाकताना त्याचं पहिलीचं एक पुस्तक आणि एक पाटी पण टाका, तुम्हाला वाचता येत नसलं तरी रात्री चूल पेटल्यावर त्याला म्हणा मला वाचून दाखव. तुम्ही ऐकताय एवढं त्याला पुरतं.

पत्र तिसरं

बाई, मला शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष केलंय. सह्या सोडून काही काम सांगत नाहीत. मी काय बघावं?
— एक पालक, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर

भाऊ, कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या चेकवर सही करू नका, हे पहिलं. समितीत पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बाया असायला हव्यात, ज्या बाया फक्त कागदावर आहेत त्यांना मीटिंगला बोलवा, निरोप तुम्ही स्वतः द्या. शाळेचा विकास आराखडा करणं हे कायद्यानं समितीचं काम आहे, तुमच्या शाळेचा असेल तर वाचायला घ्या, नसेल तर सरांसोबत बसून करा. शाळेचा अकरा आकडी यूडायस नंबर, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीतला नंबर, घ्या आणि त्या नोंदीत भरलेली माहिती सरांसोबत बसून बघा, संडास चालू लिहिलंय आणि दाराला कुलूप आहे असं सापडलं तर ती माहिती आधी दुरुस्त करून घ्या, कारण कागदावर चालू असलेल्या संडासाला कुणी पैसे देत नाही. पासबुकावर एन्ट्री मारून आणायला स्वतः बँकेत जा. आणि दर मीटिंगला पैशाचा विषय निघायच्या आधी कुठल्याही पाच लेकरांना बोलावून एकेक पान वाचून घ्या, सरांसमोर, ओरडायचं नाही, फक्त कोण कुठं अडलं ते रजिस्टरला लिहायचं, पुढच्या मीटिंगला तीच पाच लेकरं परत बोलवायची.